आंबट कशाचं

पान एकशे बारावर नायिका बांगड्याचं हुमण करते
आणि लेखक लिहितो, मग तिने आंबट घातलं.
आंबट म्हणजे काय घातलं?
सोलं, बिमलं, आंबाडे, की वाऱ्याने पडलेली कैरी?
नवऱ्याच्या मिशीवर त्याने दीड पान खर्च केलंय
आणि इथे नुसतं आंबट.

आम्ही तिघी. केप्यात, कुशावतीच्या पुलाअलीकडे,
सुलक्षाच्या शिवणाच्या दुकानात, शनिवारी,
शटर अर्धं ओढून.
नियम एकच: जे पुस्तक, त्याचं काहीतरी
घरी रांधून आणायचं.
वाचते मी, कारण माझा आवाज चौथीच्या वर्गाने कमावलाय.
सुलक्षा काजं करता करता ऐकते, दातांत दोरा.
एफिजेनला देवनागरी वाचता येत नाही,
तिची प्रार्थनेची वही रोमी लिपीत.
ती डोळे मिटून ऐकते आणि मध्येच थांबवते,
"आगे, हिच्या घरात माणसं किती?
मला नारळ ठरवायचाय."

हुमणाच्या शनिवारी
मी सोलं घातली, आई घालायची म्हणून.
सुलक्षाने बिमलं, परसात सडून चालली होती म्हणून.
एफिजेनने व्हिनेगर, माडाच्या सुरेचं, धारदार.
हुमणात व्हिनेगर! आम्ही दोघी एकदमच ओरडलो.
ती म्हणाली, "तुमची बाई घोवावर रागावलीय ना?
रागात माणूस हाताला लागेल ते ओतते."
मी पान पुन्हा काढलं.
खरंच, त्या अख्ख्या पानावर
तिने एकदाही त्याचं नाव घेतलं नव्हतं.
चारदा वाचली होती मी ती कादंबरी.
दोनदा तर पेन्सिल घेऊन.

सगळेच शनिवार असे नव्हते.
कवितांच्या एका बारक्या पुस्तकासाठी मी तवसळी केली,
ती मध्यभागी कच्ची राहिली,
आणि दोघींनी ठरवलं की कवितांना ते शोभतं.
रहस्यकथेच्या दिवशी सुलक्षाने
बाजारातली मिरची भजी घरच्या डब्यात भरून आणली.
खून कोणी केला ते चाळिसाव्या पानावर कळलं,
भजी कोणी केली ते पहिल्या घासाला.

मग आलं ते जाडं पुस्तक, निळ्या पुठ्ठ्याचं.
एक विद्वान माणूस तीस वर्षं
खोलीत बसून मरणाचा विचार करतो.
दोनशे शहाण्णव पानं. एकही चूल नाही.
कुणी साधा चहासुद्धा पीत नाही.
मी रिकाम्या हाताने गेले, तेच उत्तर म्हणून,
आणि थोडीशी ऐटीतही.
सुलक्षाने ग्लुकोजची बिस्किटं काढली.

एफिजेनने ताटल्या मांडल्या.
डब्यात उकड्या तांदळाची पेज, अजून वाफाळती,
मिठात चेपलेलं तोर,
आणि सुंगटांचं किसमूर कागदाच्या पुडीत.
"हे कुठल्या पानावर आहे?" मी विचारलं.
"खंयच ना," ती म्हणाली.
"पण तीस वर्षं हा जगला ना गे?
म्हणजे अकरा वाजता कोणीतरी
त्याच्या दाराशी हे ठेवत होतं.
त्याने लिहिलं नाही, इतकंच.
भांडं कोणी घासलं, ते त्याला विचार."

आम्ही जेवलो. बराच वेळ कुणी बोललं नाही.
तोराचं खारट पाणी बोटांवरून मनगटापर्यंत आलं,
आणि मी एका हाताने पुस्तक धरून
पुढचं वाचत होते तेव्हा
पेजेचा एक थेंब पडला,
नेमका, जन्मभर मी एकटाच होतो, या वाक्यावर.
पदराने टिपला. डाग राहिला,
मधोमध एक शीत चिकटलेलं.

वाचनालयातल्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं,
वीस रुपये दंड सांगितला.
मी दिले.
पावती अजून पर्समध्ये आहे,
कारणाच्या रकान्यात त्यांच्या टपोऱ्या अक्षरात:
पृष्ठ २११, अन्न.